बर्फातल्या जुन्या गाड्या, कुपवाडची रिंग

लेथवर लोखंड कापताना खाली वेटोळी पडतात. संध्याकाळी झाडून काढा, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ढीग! आमच्या शेडीतल्या किश्श्यांचंही तसंच आहे. संपले म्हणावं, तोवर बापू कुंभार काहीतरी बोलतो आणि आणखी एक खाली पडतो. मला लिहिता येत नाही. मी बोलते, नातसून सारिका लिहून घेते. मधेच तिला हसू आलं की मी थांबते, एवढाच काय तो उशीर.

तर ऐका. आटपाट कुपवाड होतं. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड होती. शेडीत दोन लेथ, एक ड्रिल आणि चार माणसं होती. पहिला माझा लेक हणमंत. फौजेत मेकॅनिक होता, हवालदार होऊन पेन्शनीत आला आणि आम्हाला म्हसवडच्या माळावरून इकडं घेऊन आला. दुसरा बापू कुंभार, टर्नर. लोखंडातला केसाएवढा फरक बोटानं सांगेल, पण डोक्यावर ठेवलेला चष्मा त्याला दिवसभर सापडायचा नाही. तिसरी सारिका. डिप्लोमा झालेली, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढते. चौथी मी. माझं काम दुपारच्या भाकरी आणि बसल्या जागेवरून बोलणं.

पाचवा माणूस शेडीत नव्हता. प्रकाश. हणमंताचा लेक, सारिकाचा नवरा, माझा नातू. तो पार वर, बर्फाच्या मुलखात फौजेची गाडी चालवत होता. सगळं रामायण त्या गाडीचंच!

*

एक दिवस प्रकाशचा फोन आला.

"आज्जी, मला नवी गाडी मिळाली!"

"नवी कोरी?"

"आमाला नवी. तिकडं एका थंड देशानं वापरून इकल्यात. आठ घेतल्यात आपण. चाकं न्हाईत तिला, पट्टं हायत. बर्फावर पळती."

"घेताना दात बघितलं व्हतं का?"

"आज्जी, गाडी हाय ती!"

"गाडीबी म्हातारी व्हतीच की. रंग कसा हाय?"

"रंग एकदम झकास! हिरवागार!"

माळावर मेंढरं राखण्यात माझा जन्म गेला. बाजारात जे जनावर लय धुऊनपुसून आणलेलं असतं, त्याच्याकडं आम्ही दोनदा बघतो.

चार दिवसांनी पुन्हा फोन. आवाज जरा खाली आलेला.

"आज्जी, दारामागचा रंगाचा पोपडा निघाला. खाली पांढरा हाय. पांढऱ्याखाली पिवळा."

"म्हंजे तीन घरं फिरून आलीय!" मी म्हटलं. "तुजं चवथं!"

*

महिन्याभरानं त्याचा फोन आला तेव्हा शेडीत सगळे जेवायला बसले होते. हणमंतानं स्पीकर लावला.

"आबा, आज एक गंमत झाली," प्रकाश म्हणाला. आमच्या घरात गंमत म्हटलं की समजायचं, काहीतरी बाका प्रसंग होता. "उतारावर गाडी उभी केली. ब्रेक लावला, इंजिन बंद केलं, खाली उतरून डबा उघडला. मागं वळून बघतोय तर गाडी चाललीय!"

"कोण चालवत व्हतं?" बापूनं विचारलं.

"कोण न्हाई बापू! आपली आपणच! देवळाला निघालेल्या म्हातारीगत, सावकाश!"

"मग?"

"मग काय, पळालो. म्होरं बर्फाचा ढीग व्हता, त्येला टेकून थांबली. ढिगाच्या पलीकडं दरी."

सारिकाला तेव्हा चौथा महिना होता. ती हातातला घास खाली ठेवून फोनजवळ आली.

"ब्रेक लावल्यावर किती वेळानं सुटला?"

"अगं, आदी मी कसा हाय ते तरी इचार!"

"तुमी बोलताय म्हंजे बरं हायसा. किती वेळानं सुटला?"

"धा-बारा मिन्टं झाली असतील."

तिनं तो आकडा तिथंच पेन्सिलीनं हातावर लिहिला. फोन ठेवल्यावर मात्र ती मागच्या नळावर जाऊन बराच वेळ हात धूत होती. आकडा असलेला हात सोडून दुसराच.

त्या दिवसापासून वर प्रत्येक गाडीमागं एक जवान लाकडाचा ओंडका घेऊन चालायचा. गाडी थांबली की ओंडका पट्ट्याखाली. एवढी परदेशातून आणलेली गाडी, आणि तिच्यामागं बैलगाडीसारखा माणूस पळतोय! प्रकाश हसून सांगायचा. आम्ही हसायचो नाही. पुढं कडक हिवाळा येणार होता, गोठलेल्या उतारावर ओंडकाही घसरतो. आणि हिवाळ्यातच सारिकाचे दिवस भरणार होते.

*

या आठ गाड्या ज्यांच्या गळ्यात पडल्या होत्या ते कर्नलसाहेब हणमंताचे जुने साहेब. सुटे भाग मागायला त्यांनी त्या देशाला कागद पाठवला. तिकडून उत्तर आलं, गाडी बनवणारा कारखाना कधीच बंद पडला, तिथं आता मोठं दुकान आहे. साहेबांना हणमंत आठवला. रीतसर परवानगी घेऊन त्यांनी एका गाडीचा ब्रेकचा पंप गाडीबरोबर तिकडून आलेल्या लाकडी खोक्यात घातला आणि स्वतः कुपवाडला घेऊन आले.

माणूस सरळ. पत्र्याखाली आमच्यात बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मी विचारलं, "साहेब, घेताना तुमी बघायला गेला व्हता का?"

"गेलो होतो आज्जी. चार दिवस होतो. आठही गाड्या चालवून बघितल्या. एका फटक्यात चालू व्हायच्या."

"कवा दाखवायचे?"

"सकाळी दहा-अकरा वाजता. मोठी शेड होती त्यांची, आत हीटर लावलेले. छान ऊब होती."

मी तव्यावरची भाकरी उलटली. म्हटलं, "साहेब, आमच्याकडं म्हस इकायची आसली की काही लबाड लोक आदल्या सांजंची धारच काढत न्हाईत. सकाळी बाजारात कास कशी टम्म दिसती! घेणारा भुलतो. म्हणून आमी काय करतो, आदल्या दिशी तिच्या गोठ्यात जाऊन बसतो. सांजंची धार आपल्या हातानं काढायची, सकाळची बी आपल्याच हातानं. मग बोलायचं."

साहेबांचा घास हातातच राहिला.

"तुमी गाडी गार असताना, भायेर बर्फात, पहाटं चालू करून बघितली व्हती का?"

"नाही," ते म्हणाले. हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "आज्जी, तुम्हाला बरोबर न्यायला हवं होतं."

"मला कोण पासपोर्ट देतंय? माजा जलमदिवस आमच्या शेळीला ठावं!"

साहेब हसले, पण लगेच त्यांचा चेहरा उतरला. "नवीन गाड्या मागवल्या तर यायला पाच-सहा वर्षं लागतात आज्जी. बर्फ दरवर्षी पडतो. खाली-वर माणसं न्यायची होती, औषधं न्यायची होती. हातात जे मिळालं ते घेतलं."

मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली. अडलेल्या माणसाला बाजारात काय काय घ्यावं लागतं, ते आम्हालाही माहीत आहे.

*

पंपाच्या खोक्यात तळाला एक जाडजूड पोथी निघाली. गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक, तिकडच्या भाषेत. साहेब म्हणाले, "अरे, हे मूळ पुस्तक इथं कसं आलं? आम्ही सगळे झेरॉक्सवर काम करतोय!"

हणमंतानं चाळलं. बापूनं चाळलं. सारिकानं फोनचा कॅमेरा धरून भाषांतर काढायचा प्रयत्न केला. फोननं सांगितलं की गाडीला लोकरीचे मोजे घाला! सगळ्यांनी हात टेकले. एवढी सातशे पानं, त्यात दुखणं नेमकं कुठलं?

मी म्हटलं, "आणा हिकडं."

"आज्जी, तुमाला मराठी बी वाचता येत न्हाई!" सारिका म्हणाली.

"आणा तर!"

मी पुस्तक मांडीवर घेतलं आणि उघडलंच नाही. मिटलेलंच आडवं धरलं, उजेडाकडं. पानांची कड सगळी पांढरी होती. मधे एकाच जागी बोटभर काळा पट्टा. तिथं नख घातलं आणि उघडलं. त्या दोन पानांवर तेलाचे डाग, अंगठ्यांचे ठसे, एक कोपरा तर हाताळून हाताळून गळून पडलेला.

"ह्ये बगा. तिकडच्या मेकॅनिकनं पुन्ना पुन्ना ह्येच पान उघडलंय. म्हंजे ह्ये दुखणं आपल्याकडं येऊन झालेलं न्हाई. माहेरचंच हाय."

पान कसलं होतं? ब्रेकच्या पंपाचं! आतल्या एका बारक्या रिंगेभोवती कुणीतरी पेन्सिलीनं गोल काढलेला.

साहेबांनी त्यांच्याकडची झेरॉक्स काढून तेच पान बघितलं. पांढरंफेक! पोथी आणि झेरॉक्स दोन्ही समोर धरून ते म्हणाले, "आम्ही दीड महिना हे स्वच्छ पुस्तक वाचतोय."

*

मग बापूनं पंप खोलला. सोमवार होता, बापूचा उपवास. झाकण निघालं आणि बापू दचकून मागं सरकला.

"आरं गड्या, आज सोमवार, आन माज्या बाकड्यावर मासा!"

बघतो तर आत एक पातळ पत्र्याची चकती. कुठल्यातरी माशांच्या डब्याचा पत्रा कापून बसवलेला. त्यावर निळ्या रंगात छापलेला मासा, डोळ्यासकट!

पंपाबरोबर आलेल्या कागदावर मात्र शिक्क्यासकट लिहिलं होतं की आतला सगळा माल नवा घातलाय. साहेबांचे कान लाल झाले. हणमंत तर असा भडकला की विचारू नका. "माज्या पोराच्या जिवाशी खेळ! डब्याचा पत्रा घालत्यात व्हय रं ब्रेकात?"

बापूनं चकती पुसली, मायक्रोमीटरमध्ये धरली आणि सारिकाला आकडा सांगितला. सारिकानं पोथीच्या त्या काळ्या पानावर बघितलं. भाषा परकी असली तरी आकडे आकडेच असतात.

"बापूकाका, पुस्तकात ह्योच आकडा हाय. तंतोतंत!"

बापूनं चष्मा काढला. "बगा. त्येलाबी माल मिळंना. मग किती डबं मोजलं आसतील त्यानं, तवा ही जाडी गावली आसंल! चकतीला कड बी किती सुरेख मारलीया." आणि हणमंताकडं वळून म्हणाला, "कागद खोटा हाय रं. माणूस खोटा न्हाई."

चकतीच्या शेजारी ती बारकी रबरी रिंग होती. करंगळीत बसेल एवढी. बापूनं चिमटीत धरली तर तिचा भुगा झाला. सगळं दुखणं त्या भुग्यात होतं. गारठ्यात रिंग आखडायची, तेल हळूहळू मागं झिरपायचं, दाब जायचा, आणि दहा-बारा मिनिटांत ब्रेक सुटायचा.

"त्येला समदं जमलं," बापू म्हणाला, "रबर तेवडं जमलं न्हाई."

*

आम्ही रिंगा बनवून घेतल्या. कुपवाडात रबराचं काम करणारे पुष्कळ. आता त्या गारठ्यात टिकतात का हे बघायचं कसं? कुपवाडात बर्फ फक्त उसाच्या रसात!

तासगावला माझी नात अनिता दिलेली, प्रकाशची बहीण. तिच्या नवऱ्याचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. हणमंतानं साठ रिंगा बेदाण्याच्या रिकाम्या खोक्यात घातल्या आणि जावयाच्या हवाली केल्या. "आठ दिवस ठिवा."

सातव्या दिवशी जावयाचा फोन. "मामा, लवकर या! तुमचा माल सौद्यात गेलाय!"

झालं होतं असं की हमालांनी थप्पीची थप्पी उचलली आणि आमचं खोकंही बेदाण्याबरोबर सौद्याला गेलं. हणमंत मोटरसायकलवरून पोचला तेव्हा तिथं खोकी फोडून माल बघणं चालू होतं. बेदाणा हवेत उडतोय, बोली चालल्यात, आणि एका व्यापाऱ्यानं आमच्या खोक्यात हात घातलेला. त्यानं एक रिंग दोन बोटांत दाबली. वास घेतला. उजेडात धरून भोकातून पलीकडं बघितलं.

"काळा बेदाणा लय बघितला," तो मोठ्यांदा म्हणाला, "पण बी काढल्यालं भोक शिल्लक ठिवणारा बागायतदार पयल्यांदाच बघतोय!"

हणमंत गर्दीत घुसला. "आवं मालक, त्यो माल मिलिटरीचा हाय!"

"मग मिलिटरीला सांगा," व्यापारी म्हणाला, "अजून चार दिस वाळवायला पायजे व्हता!"

रिंगा हणमंतानं मोजून परत आणल्या. एक कमी भरली. ती कुणीतरी चव बघायला तोंडात टाकली असणार, असं बापूचं मत आहे.

*

पण त्या एकोणसाठ रिंगा मऊच होत्या. सगळे खूश! हणमंत पाकीट बांधायला बसला, इतक्यात सारिका म्हणाली, "मामा, बेदाण्याच्या खोलीत पाणी गोठतं का?"

"न्हाई. पाणी कशाला गोठंल?"

"वर त्येंच्या बाटलीतलं पाणी गोठतं."

हणमंताच्या हातातली दोरी तशीच राहिली.

पाचगणीच्या खालच्या अंगाला हणमंताच्या फौजेतल्या दोस्ताचा छोटा कारखाना आहे. स्ट्रॉबेरी गोठवून पाठवतात. सारिकाला आठवा महिना, घाट नको म्हणून तिला ठेवलं. हणमंत, बापू आणि मी भाड्याच्या जीपनं गेलो. मला काय काम होतं? काही नाही. पाचगणी बघायची होती!

तिथं बाहेर ऊन, आणि आत बायका कानटोप्या घालून, स्वेटरवर स्वेटर चढवून कामाला. रिंगा गोठवायच्या खोलीत ठेवल्या. दोन तासांनी बापूनं एक बाहेर काढली, बोटात धरली, जरा वाकवली.

टक्.

उडदाच्या पापडासारखी मोडली. दुसरी, टक्. तिसरी, टक्. बापूनं चौथी घेतलीच नाही. भिंतीला टेकून तो म्हणाला, "ह्योच माल परवा धाडणार व्हतो आपण. आपल्या हातानं. आपल्या पोराला."

हणमंत बाहेर जाऊन जीपच्या फूटबोर्डावर बसला. मला त्या घटकेला त्या परदेशातल्या विकणाऱ्याचा रागही येईना. आम्ही घरातली माणसं, आणि आम्हीच हे करून बसलो असतो.

तिथल्या मुकादमीण बाईनं चहा आणला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आवं पावणं, आमचं ह्ये मशीन बारा म्हयने ह्याच थंडीत हाय. त्येच्या रिंगा का मोडत न्हाईत?" आणि मशीनची सुटी रिंग आणून दिली, तांबडी, लोण्यागत मऊ. गोठलेल्या खोलीतून काढली तरी मऊ!

आम्ही नाचतच कुपवाडला आलो. सारिकानं ती रिंग ब्रेकच्या तेलात टाकली. दोन दिवसांनी बघतो तर चवळी भिजल्यासारखी फुगलेली! थंडीला जी टिकते ती तेलाला टिकत नाही, तेलाला जी टिकते ती थंडीला मोडते.

मग कुपवाडच्या त्या रबरवाल्याच्या दारात बापूनं बसकण मारली. तो मिश्रण बदलायचा, रिंगा काढायचा, बापू त्या घेऊन एसटीनं पाचगणीला. मोडल्या की परत. फुगल्या की परत. एसटीचा कंडक्टर बापूला विचारायला लागला, "काका, पाचगणीत बंगला घेतला काय?" अकराव्या खेपेला बापू शेडीत आला, सारिकासमोर रिंग ठेवली आणि चहा मागितला. गोठवून वाकवली, मोडली नाही. आठ दिवस तेलात ठेवली, फुगली नाही. सारिकानं पंप जोडून दाब देऊन बघितला, काटा हलला नाही.

हणमंत स्वतः रेल्वेनं पाकीट घेऊन खालच्या तळापर्यंत गेला. पाकीट बनियनच्या आत, पोटाशी. थंडी लागू नये म्हणून, असं तो म्हणाला. थंडीसाठीच बनवलेल्या रिंगांना!

*

त्यानंतर वर बर्फ पडला आणि फोन बंद झाला. एक आठवडा, दोन आठवडे. रिंगा तळावरून वर पोचल्या का, बसवल्या का, धरल्या का, काही कळायला मार्ग नव्हता. सारिका बाळंत झाली, मुलगी झाली. कर्नलसाहेबांनी वायरलेसवरून वर निरोप दिला, "मुलगी. दोघी ठीक." उलटा निरोप आला तो एवढाच, "बारसं कधी?"

बाराव्या दिवशी बारसं धरलं. शेडीला लागूनच आमच्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत पाळणा बांधला. बायका जमल्या, घुगऱ्या शिजल्या. आत्या म्हणून अनिता तासगावहून आली. हणमंत आणि बापू पुरुष म्हणून दारात उभे. अनिता पाळण्याशी वाकली, आणि माझ्या कमरेचा फोन वाजला.

"आज्जी!"

"कुटनं बोलतोस रं लेकरा?"

"उतारावरनं! हितंच जरा रेंज येती. गाडी उतारावर उभी केलीय."

हणमंत बायकांमधून तसाच आत आला, माझ्या हातातून फोन घेऊन स्पीकर लावला.

"ओंडका लावलायस का?"

"न्हाई आबा. कर्नलसाहेब वर आल्यात, त्येच म्हणले, तुला फोन बी करायचाय आन आमाला ट्रायल बी घ्यायचीय. नव्या रिंगा घातल्यात, एकदाच व्हऊन जाऊ दे. मी गाडीत हाय. खाली बर्फाचा मोट्टा ढीग करून ठिवलाय, घोर करू नगा."

"कवा लावला ब्रेक?"

"आत्ताच. दोन मिन्टं झाली."

बापूनं मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं.

अनितानं जरा थांबून विचारलं, "आबा, नाव घिऊ का? वेळ निघून चाललीय."

"थांब!" बापू ओरडला. "बारा मिन्टं हुंदेत!"

शेजारची म्हातारी वैतागून मला म्हणाली, "आवं, बारसं पोरीचं हाय का गाडीचं?"

सारिका पाळण्याची दोरी धरून बसलेली. दोरी हलवायची ती विसरून गेली होती. पोरगी आपली शांत झोपलेली. फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता.

"सात," बापू म्हणाला.

मग नऊ. मग अकरा. बाराला बापू नुसता घड्याळाकडं बघत राहिला. पंधराला हणमंतानं घसा साफ केला.

"परकाश. किती हालली रं?"

"आबा, पट्ट्याम्होरं बर्फात रेघ मारलीय. साहेब स्वतः वाकून बघायलेत."

"आरं, पण किती?"

वाऱ्यातून कुणीतरी काहीतरी ओरडलं. मग प्रकाशचा आवाज आला.

"रेघ हाय तितंच हाय, आबा. पट्टा बी हाय तितंच हाय."

सारिका अनिताकडं बघून म्हणाली, "वन्सं, आता घ्या."

अनितानं पोरीच्या कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं, आणि बायकांनी तिच्या पाठीत असे धपाधप गुद्दे घातले की पाळणा हलला. पोरगी जागी होऊन टाहो फोडायला लागली. शेडीच्या पत्र्याला टेकून बापू हसत होता, आणि हणमंत फोन दोन्ही हातांत धरून मधोमध उभा.

"काय ठिवलं? आरं, काय ठिवलं नाव?" फोनमधून प्रकाश विचारत होता. "आबा! आबा, जरा हळू रडा की! पोरीचं नाव ऐकू येईना!"